सहा गोळ्यांची सवय

पोलिसाच्या कमरेचं हत्यार झाडलं जातं क्वचित. अनेकांचं तर निवृत्तीपर्यंत सरावाच्या मैदानाबाहेर एकदाही नाही. हाताळलं मात्र रोज जातं. ड्युटीवर निघताना शस्त्रागारातून घ्यायचं, राउंड, म्हणजे काडतुसं, मोजून सही करायची, दिवसभर कमरेला बाळगायचं, परत येऊन रिकामं करून जमा करायचं. फिरत्या सिलिंडरात सहा गोळ्या ठेवणारं रिव्हॉल्व्हर जाऊन, मुठीतल्या मॅगझिनमधून दर वेळी पुढची गोळी स्वतःच चढवणारं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल यायला पोलीस दलांना इतकी दशकं का लागली, याचं उत्तर शोधताना लोक गोळ्यांची संख्या, वेग आणि मारकता बघतात. मला ते उत्तर शस्त्रागाराच्या खिडकीत दिसतं. जिथं हत्यार रोज दोनदा या हातातून त्या हातात जातं, तिथं चुकायला जागा कमी असलेलं यंत्र टिकतं. रिव्हॉल्व्हर तसं होतं.

पिस्तूल ही काही अलीकडची वस्तू नाही. अमेरिकी सैन्यानं कोल्टचं .४५ पिस्तूल १९११ साली घेतलं. त्याचा कर्ता जॉन ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला, तेव्हा त्याचं पुढचं पिस्तूल अर्धवट होतं. बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्हनं ते पुरं केलं आणि १९३५ मध्ये ९ मिमीचं, मॅगझिनमध्ये तेरा गोळ्या मावणारं हाय-पॉवर तयार झालं. ब्रिटिश सैन्यानं १९५४ मध्ये ते स्वीकारलं. आपल्याकडे इशापूरच्या रायफल कारखान्यात बनणारं ‘पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए’ याच घराण्यातलं. म्हणजे सैन्याच्या अधिकाऱ्याकडे पिस्तूल आणि पोलीस अधिकाऱ्याकडे वेब्ली नाहीतर एनफिल्डचं ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, असा काळ बराच लांबला. बरं, नवीन खरेदी झाली तीही रिव्हॉल्व्हरचीच. अमेरिकेच्या रुगर कंपनीनं भारतीय पोलिसांसाठी मुद्दाम .३८० काडतुसाची रिव्हॉल्व्हरं बनवून दिली, कारण कोठारात काडतुसं तीच होती.

ते काडतूस तसं मंद. बारा ग्रॅमच्या आसपासची जाड गोळी, नळीतून बाहेर पडताना वेग सेकंदाला दोनशे मीटरहून थोडा कमी. ९ मिमीची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची, पण वेग साडेतीनशेच्या वर. ऊर्जेचा हिशेब मांडला तर ९ मिमी दुपटीहून पुढे जातं. कागदावर निकाल लागल्यासारखा वाटतो. मात्र ही तुलना करणाऱ्यानं अनंत चतुर्दशीच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून विचार करावा. पोलिसांना मिळणारी ९ मिमीची गोळी सहसा तांब्याच्या पूर्ण आवरणाची असते. ती अंगात शिरून फुलत नाही, सरळ पलीकडे जाते. खांद्याला खांदा लागलेल्या गर्दीत तिच्या मागे कोण आहे हे कुणाला सांगता येणार? सैन्याला जो गुण वाटतो तो बंदोबस्तातल्या माणसाला धोका वाटतो, आणि त्याचं ते वाटणं रास्त आहे.

आता हत्यार जमा करण्याचं काम जवळून बघू.

वेब्लीचा खटका अंगठ्यानं दाबून नळी खाली मोडली की सिलिंडरच्या मधला चांदणीसारखा तारा वर उचलला जातो आणि सहाही काडतुसं, भरलेली असोत की पुंगळ्या, एकदम तळहातावर येतात. सिलिंडर उजेडाकडे धरला की सहा भोकांतून पलीकडचं दिसतं. शस्त्रागार सांभाळणाऱ्या आर्मररनं विचारावं, “रिकामं?” आणि समोरच्यानं नुसतं पुढे धरावं. शंकेला जागाच नाही. रात्रपाळी करून आलेला, डोळे चुरचुरणारा माणूसही यात सहसा चुकत नाही.

पिस्तुलाचं तसं नाही. नळी वाळूच्या पेटीकडे, बोट चापाबाहेर. पहिल्यांदा मॅगझिन काढायचं. मग स्लाइड, म्हणजे नळीवरचं मागेपुढे सरकणारं आवरण, मागे ओढून चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत बसलेली, गोळी बाहेर पाडायची. मग स्लाइड मागे अडकवून आत डोळ्यांनी बघायचं आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. त्यानंतरच स्लाइड पुढे सोडायची आणि चाप ओढून घोडा, म्हणजे मागचा आपटणारा हातोडा, उतरवायचा. पहिली आणि दुसरी पायरी उलट झाली की घात. स्लाइड ओढली, गोळी उडून टेबलावर पडली, माणूस निर्धास्त झाला; पण पुढे जाताना स्लाइडनं मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये नेलेली असते. मग मॅगझिन काढलं. हातात भरलेलं मॅगझिन, टेबलावर एक राउंड, सगळं रिकामं झाल्यासारखं दिसतं आणि नळीत एक जिवंत काडतूस बसलेलं. शस्त्रागारात चुकून गोळी सुटते तेव्हा तिच्यामागे पुष्कळदा पायऱ्यांची हीच अदलाबदल असते.

हाय-पॉवरच्या मूळ रचनेत आणखी एक मेख आहे. मॅगझिन बाहेर असताना चाप चालतच नाही. सुरक्षेसाठी केलेली सोय, पण तिच्यामुळे घोडा उतरवायला रिकामं मॅगझिन पुन्हा आत घालावं लागतं. म्हणजे रिकाम्या केलेल्या पिस्तुलात परत मॅगझिन! स्लाइड मागे अडकलेली असताना तिथं चुकून भरलेलं मॅगझिन गेलं, तर स्लाइड सोडताक्षणी हत्यार पुन्हा लोड. म्हणून भरलेलं मॅगझिन काढलं की ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातात द्यायचं किंवा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचं, ही शिस्त लावावी लागते. रिव्हॉल्व्हरवाल्याला असलं काही शिकावंच लागलं नव्हतं.

मोजणीचंही तेच. सहा राउंड तळहातावर एका नजरेत मोजले जातात. तेरा राउंड मोजायचे तर अंगठ्यानं एकेक बाहेर सरकवायचे आणि पुन्हा भरायचे. यातून एक दोष असा निघतो की तो नोंदवहीत कधी दिसत नाही. रोज लोड-अनलोड होताना मॅगझिनमधली सगळ्यात वरची तीच गोळी पुन्हापुन्हा चेंबरमध्ये आदळते. प्रत्येक आदळण्यानं तिचं टोक पुंगळीत कणभर आत सरकतं. आतली मोकळी जागा कमी झाली की झाडताना दाब वाढतो. उपाय सोपा आहे: वरची गोळी रोज बदलायची, आणि दोन काडतुसं शेजारी उभी करून एखादं आखूड दिसलं तर बाजूला काढायचं. सोपा असला तरी तो कुणीतरी सांगावा लागतो, आणि हत्याराबरोबर असं सांगणं फार कमी वेळा येतं.

चापाचा मुद्दा त्याहून मोठा. रिव्हॉल्व्हरचा घोडा न ताणता नुसता चाप ओढायचा म्हटलं तर पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि बोटाला लांबचा पल्ला गाठावा लागतो. घाबरलेल्या माणसाचं बोट चुकून इतकं ओढत नाही. एनफिल्डच्या एका नमुन्यात तर घोड्याचं शेपूटच काढून टाकलं होतं, म्हणजे दर खेपेला हाच लांब ओढा. उलट जुन्या पद्धतीचं पिस्तूल तयार ठेवायचं तर चेंबरमध्ये गोळी, घोडा ताणलेला आणि वर सेफ्टीची कळ लावलेली. जुन्या हाय-पॉवरची ती सेफ्टी इवलीशी, घामट अंगठ्याखाली निसटणारी, आणि डावखुऱ्याच्या सोयीची नाहीच. ताणलेल्या घोड्याचं पिस्तूल कमरेला लावून रेटारेटीत शिरायला कुणीही कचरेल. म्हणून पुष्कळ दलांनी चेंबर रिकामा ठेवूनच पिस्तूल बाळगायचा नियम केला. मग प्रसंग येतो तेव्हा दोन्ही हात मोकळे हवेत: एक मुठीला, एक स्लाइड ओढायला. पोलिसाचा दुसरा हात मोकळा असतोच कुठं? त्यात कुणाची तरी कॉलर असते, नाहीतर वायरलेस. आपल्या नियमाप्रमाणे बाळगलेलं पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा हळू सुरू होतं, ही तक्रार खोटी नव्हती.

या अडचणीवर तोड जर्मनीत १९२९ मध्येच निघाली होती. वाल्थर कंपनीच्या ‘पीपी’ पिस्तुलाची पहिली गोळी रिव्हॉल्व्हरसारखी लांब ओढ्यानं सुटते आणि पुढच्या हलक्या ओढ्यानं. नावातल्या दोन ‘पी’तला पहिला पोलिसाचाच. युरोपच्या मुख्य भूमीवर पोलिसांनी छोटी ७.६५ मिमीची पिस्तुलं फार आधीपासून वापरली. पुढे सत्तरच्या दशकात पश्चिम जर्मनीनं पोलिसांसाठी नव्यानं अटी घालून ९ मिमीची पी-५, पी-६ आणि पी-७ अशी तीन पिस्तुलं मान्य केली. तेव्हा ‘पोलीस दलं’ सरसकट मागे राहिली असं म्हणणं बरोबर नाही. मागे राहिले ते इंग्रजी वळणाचे पोलीस: ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, हाँगकाँग आणि आपण.

त्यांचा पिस्तुलावर विश्वास का नव्हता, हे लंडनच्या एका प्रसंगातून कळतं. २० मार्च १९७४ रोजी राजकन्या ॲनच्या अपहरणाचा प्रयत्न झाला. तिचा अंगरक्षक जेम्स बीटन खांद्यात गोळी लागलेली असतानाही उलट गोळी झाडायला उभा राहिला. एक गोळी सुटली आणि त्याचं वाल्थर अडकलं. त्यानंतर ती पिस्तुलं काढून घेऊन त्या जागी पुन्हा रिव्हॉल्व्हरं देण्यात आली. जगातल्या इतक्या नामांकित पोलीस दलानं पिस्तूल वापरून बघितलं आणि मागे फिरलं, हे इतरांनी बघितलं होतं.

अडकणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं. पिस्तूल स्वतःचं काम गोळीच्याच जोरावर करतं. धक्क्यानं स्लाइड मागे जाते, आकडा पुंगळी ओढतो, ती बाहेर फेकली जाते, स्प्रिंग स्लाइडला पुढे ढकलते आणि जाताना ती नवी गोळी उचलते. या साखळीतली एक कडी ढिली पडली की सगळं थांबतं. मनगट सैल धरलं तर स्लाइडला मागे टेकायला आधार मिळत नाही, ती अर्ध्यातून परतते आणि पुंगळी चिमटीत उभी अडकते. मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकले असतील तर गोळी नाक खाली करून रुतते. आकडा झिजला असेल तर पुंगळी चेंबरमध्येच राहते आणि मागून दुसरी गोळी तिच्यावर चढते. तेव्हा मॅगझिन उपसून काढायचं, स्लाइड दोन-तीनदा ओढायची, नवीन मॅगझिन घालायचं आणि पुन्हा ओढायचं. सराव असलेल्याला याला काही सेकंद लागतात. सराव नसलेला हातातल्या वस्तूकडे बघत राहतो.

रिव्हॉल्व्हरला गोळीच्या जोराची गरज नाही, बोटाचा जोर पुरतो. काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर येतं. इथं आपल्या पुण्याच्या खडकीचा संबंध येतो. १८६९ पासून चालू असलेल्या तिथल्या दारूगोळा कारखान्याचा ‘केएफ’ हा शिक्का देशभरातल्या पुंगळ्यांच्या बुडावर दिसतो. काडतूस कारखान्यातून कसंही उत्तम निघालं तरी पुढे ते कुठल्याशा ठाण्याच्या दमट खोलीत किती पावसाळे काढतं, कुणाच्या कातडी पट्ट्यात किती महिने अडकून राहतं, कुणी अति उत्साहानं त्याला तेल लावतं का, हे कारखान्याच्या हातात नसतं. तेल बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपलं की ती मरते. जुना माल आधी संपवायचा या कोठाराच्या रीतीनं सरावाला बहुधा सगळ्यात जुनी काडतुसं येतात. रिव्हॉल्व्हर ती कुरकुर न करता झाडतं. पिस्तूल त्यांतल्या कमजोर काडतुसावर अडकतं, आणि सरावाला आलेला माणूस एवढंच घेऊन परत जातो की पिस्तूल भरवशाचं नाही. दोष काडतुसाचा, बट्टा पिस्तुलाला. माझ्या मते या एका गोष्टीनं पिस्तुलाचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याच जुनाट साहेबानं केलं नसेल.

रिव्हॉल्व्हरही निर्दोष नाही, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करावं. ताऱ्याखाली न जळलेल्या दारूचे चार कण अडकले तरी सिलिंडर नीट बसत नाही. झिजलेल्या हत्यारात भोक नळीच्या बरोबर समोर येत नाही आणि शिसं कडेनं तासलं जातं. शिवाय रिव्हॉल्व्हर अडकलं की ते हातानं सुटत नाही, कारागिराच्या टेबलावरच जातं. पण त्याची खरी उणीव सहा गोळ्या संपल्यावर पुन्हा भरताना कळते. ५ आणि ६ एप्रिल १९७० च्या मधल्या रात्री कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉल इथं महामार्ग पोलिसांचे चार जवान मारले गेले. त्यांतला एक जण पाकिटातून सुटी काडतुसं काढून रिव्हॉल्व्हर भरत असताना गेला. त्यानंतर तिथल्या दलानं सहा काडतुसं एकदम भरणारे स्पीडलोडर आणले. लक्षात घ्या, पिस्तूल नाही, स्पीडलोडर. तीन वर्षं आधीच, १९६७ मध्ये, इलिनॉयच्या राज्य पोलिसांनी स्मिथ अँड वेसनचं ९ मिमी मॉडेल ३९ सर्वांना दिलं होतं, तरीही इतरांनी लगेच गिरवलं नाही. त्या काळच्या पिस्तुलांना अंगात फुलणाऱ्या पोकळ टोकाच्या गोळ्या धड पचत नसत. गोल टोकाची, पूर्ण आवरणाची सैनिकी गोळीच त्यांना मानवायची, आणि तीच तर पोलिसांना नको होती.

११ एप्रिल १९८६ च्या मायामीच्या चकमकीनं अमेरिकेत पारडं फिरवलं, असं सगळीकडे सांगितलं जातं. एफबीआयचे आठ जण, समोर दोन दरोडेखोर; दोन एजंट ठार, पाच जखमी. हाताला जखम झालेल्या एजंटाला रिव्हॉल्व्हर भरता येईना, हे खरं. पण तो तपशील अर्धाच आहे. एजंटांवर मारा झाला तो मुख्यतः रुगर मिनी-१४ रायफलीनं, आणि जी गोळी दरोडेखोराच्या हृदयाच्या जरा अलीकडे थांबली म्हणून नंतर इतका ऊहापोह झाला, ती ९ मिमी पिस्तुलाचीच होती. रिव्हॉल्व्हर हरलं असा निकाल त्या दिवसातून निघत नाही. निघतो तो एवढाच, की अशा वेळी कमरेचं कुठलंही हत्यार तोकडं पडतं. तरी निर्णय घेणाऱ्यांना एक निमित्त हवं होतं, आणि तोवर ग्लॉकसारखं वेगळी सेफ्टी नसलेलं, साध्या हाताळणीचं पिस्तूल बाजारात आलंही होतं.

न्यूयॉर्कनं मात्र ग्लॉक घेताना त्याचा चाप मुद्दाम जड करवून घेतला: अडीच किलोचा साधारण साडेपाच किलो. पिस्तूल घेतलं आणि त्याला रिव्हॉल्व्हरची चाल शिकवली. वर्ष १९९३. त्यातही जुन्या माणसांना रिव्हॉल्व्हर ठेवायची मुभा होती. शेवटची हत्यारं २०१८ मध्ये जमा झाली. आणि हातात जास्त गोळ्या आल्या की जास्त झाडल्या जातील, या ज्या भीतीनं वरिष्ठ कचरत होते ती निराधार नव्हती. ४ फेब्रुवारी १९९९ रोजी त्याच शहरात चार पोलिसांनी अमादू डिआलो या निःशस्त्र तरुणावर ४१ गोळ्या झाडल्या, १९ लागल्या. चार रिव्हॉल्व्हरांत मिळून २४ च गोळ्या असतात.

आपल्याकडचा उशीर यातल्या बऱ्याच कारणांनी समजतो, सगळ्यांनी नाही. पिस्तुलाची काडतुसं मिळत नव्हती असं कुणी म्हणू नये, कारण पोलिसांची ९ मिमी कार्बाइन तेच काडतूस खात होती. कायद्याचाही अडसर नव्हता. शस्त्र कायद्याच्या नियमांत .३८० आणि .४५५ ची रिव्हॉल्व्हरं आणि ९ मिमीची पिस्तुलं एकाच कलमात, सामान्य माणसाला मना असलेल्या वर्गात बसतात. पोलिसांना दोन्ही खुली. पुण्यात तर पाषाणला एआरडीई ही हत्यारांवर संशोधन करणारी संस्था आहे. इन्सास रायफल तिथली, आणि २०२१ मध्ये जाहीर झालेलं ‘अस्मी’ हे ९ मिमी मशीन पिस्तूलही महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर तिनंच घडवलं. डोकं आणि काडतूस एका शहरात, पिस्तुलाचा कारखानाही देशातच असताना कमतरता होती ती सरावाची.

दहा हजार माणसांचं दल धरा. रिव्हॉल्व्हरवरून पिस्तुलावर आणायला माणशी शंभर राउंड म्हणजे काही चैन नाही. तेवढ्यानं हात बसतो, तरबेज होत नाही. तरी ते दहा लाख राउंड झाले. त्यात प्रत्येक पिस्तुलामागे तीन मॅगझिनं, दर काही वर्षांनी बदलायच्या स्प्रिंगा, पिस्तूल उलगडून बसवता येणारे आर्मरर, आणि तेवढे दिवस माणसं बंदोबस्तातून मोकळी. पिस्तूल एकदाच विकत घेता येतं. बाकीचं दरवर्षी लागतं आणि अर्थसंकल्पात पहिल्यांदा कापलं जातं. साठच्या दशकापर्यंतचा उशीर मी शहाणपणाचा मानतो, कारण तेव्हाची पिस्तुलं पोलिसांच्या कामाची नव्हती. त्यानंतरचा उशीर मात्र रिव्हॉल्व्हरच्या गुणांमुळे झाला नाही. शिकवायची तयारी नव्हती, म्हणून न शिकवता चालणारं हत्यार सोडवलं नाही. आणि शिकवायची तयारी अजूनही नसेल, तर पिस्तूल देण्यापेक्षा जपानी पोलिसांसारखं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर ठेवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आज अधिकाऱ्याच्या कमरेला ९ एमएम दिसतं. ते काम करावं यासाठी लागणारी पुष्कळशी व्यवस्था स्वस्तात होते. शस्त्रागाराच्या दाराशी वाळू भरलेला एक पिंप, तिरका बसवलेला, नळी टेकवायला. वेगळ्या रंगाची नकली काडतुसं, म्हणजे अडकलेलं पिस्तूल सोडवायचा सराव दारू न जाळता होतो. सरावाला थोडा तरी ताजा माल, म्हणजे अडकण्याचं खरं कारण कळेल. आणि प्रत्येक मॅगझिनवर कोरलेला क्रमांक. पिस्तुलाचा दोष समजून जे कारागिराकडे जातं, त्यात वाकलेल्या ओठांची मॅगझिनं पुष्कळ असतात; क्रमांक नसेल तर ते मॅगझिन त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या पाकिटात जातं. क्रमांक असला की नोंद होते: अमुक नंबर, दोनदा अडकलं. असं मॅगझिन तळाला लाल रंग लावून ड्युटीतून काढायचं आणि सरावाच्या पेटीत टाकायचं. तिथं ते अडकलेलंच बरं.